पावसाळ्यात त्याच खुर्चीवरचे ब्रॅकेट पुन्हा पुन्हा का निघतात?

माझ्या लातूरच्या दवाखान्यात दातांना तारा लावून घेणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण शिकवणीसाठी उदगीर, अहमदपूर, निलंगा, परळी अशा गावांहून येऊन वसतिगृहात राहणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा एखादा ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) निघाला, तर त्या मुलाचा एक वर्ग बुडतो, आणि तो सुट्टीत गावी गेलेला असताना निघाला, तर एसटीच्या एका फेरीचा खर्चही आई-वडिलांच्या माथी पडतो. सलग तीन पावसाळे हा त्रास माझ्याकडे अधूनमधून नव्हे, तर नेमाने होत होता. जून संपत आला की बसवल्यापासून आठवड्याच्या आत ब्रॅकेट सुटू लागत, दिवाळीनंतर ते प्रमाण आपोआप कमी होई आणि उन्हाळ्यात प्रश्नच राहत नसे. ज्या सहकाऱ्यांना असाच ऋतूप्रमाणे येणारा-जाणारा दोष छळत असेल, त्यांच्यासाठी या शोधाची हकिगत आणि त्यातून हाती लागलेली तपासणीची पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिला संशय अर्थातच ब्रॅकेट दाताला चिकटवणाऱ्या कंपोझिटवर गेला. कंपनी बदलून पाहिली, फरक पडला नाही. दुसरा संशय रुग्णांच्या खाण्यावर होता, आणि हे कारण डॉक्टरला फार सोयीचे असते, कारण त्यात दोष आपल्या पदरी येत नाही. परंतु आपल्याकडे दातांची परीक्षा पाहणारे खाणे कधी असते, याचा विचार केला तर हे कारण टिकत नाही. हुरडा हिवाळ्यात येतो, ऊस सोलून खाण्याचे दिवसही तेच, आणि भाजलेल्या शेंगा व कडक भाकरी तर बाराही महिने चालू असतात. पावसाळ्यात मक्याची कणसे खाल्ली जातात हे खरे, पण कणसाने समोरच्या दातांवरचे ब्रॅकेट सुटायला हवेत. माझ्याकडे सुटत होते ते उपदाढा आणि दाढांवरचे. शिवाय माझ्या दवाखान्यातल्या दोन खुर्च्यांपैकी दुसऱ्या खुर्चीवर काम केलेल्या रुग्णांचेच ब्रॅकेट अधिक निघत होते, आणि कणीस खाणारा रुग्ण खुर्ची पाहून कणीस खात नाही.

येथे वहीचा उपयोग झाला. निघालेल्या प्रत्येक ब्रॅकेटसमोर तारीख, दात, खुर्ची, बसवल्यापासूनचे दिवस आणि कंपोझिट कोठे राहिले, एवढ्याच पाच गोष्टी लिहायच्या. ही नोंद ठेवली नसती, तर दुसऱ्या खुर्चीची गोष्ट माझ्या लक्षात आलीच नसती, कारण स्मरणशक्तीला त्रासदायक रुग्ण लक्षात राहतो, खुर्ची राहत नाही.

ब्रॅकेटची पाठ आधी वाचावी

निघालेला ब्रॅकेट रुग्ण कागदाच्या पुडीत बांधून आणतो, आणि आपण तो बाजूला टाकून नवीन बसवतो. ही घाई टाळावी, कारण ती पुडी म्हणजे पुरावा आहे. ब्रॅकेटच्या पाठीवरची जाळी भिंगाखाली पाहावी आणि दातही वाळवून पाहावा. सगळे कंपोझिट ब्रॅकेटला चिकटून बाहेर आले असेल आणि दात स्वच्छ असेल, तर बंध दात आणि कंपोझिट यांच्या सीमेवर तुटला आहे, म्हणजे दाताच्या पृष्ठभागाची तयारी बिघडली आहे. ओलावा, लाळ, तेल किंवा अपुरे एचिंग (आम्ल लावून दाताचा पृष्ठभाग खरखरीत करणे) यांपैकी काहीतरी तेथे आहे. याउलट कंपोझिट दातावरच राहिले असेल आणि त्यावर जाळीचा ठसा स्पष्ट उमटलेला असेल, तर दोष ब्रॅकेटच्या बाजूचा आहे: पाठीला बोट लागले, कंपोझिट घट्ट करणारा लाइट पुरेसा पोचला नाही, किंवा कंपोझिट घट्ट होण्यापूर्वी ब्रॅकेट हलला. दोन्हीकडे थोडे थोडे राहून मधूनच तुटले असेल, तर कंपोझिटमधील हवेचे बुडबुडे किंवा अर्धवट क्युअरिंग (लाइटने घट्ट होणे) यांचा विचार करावा. दातावर किती कंपोझिट उरले, याचे गुण मांडण्याची पद्धत १९८४ साली ओर्तुन आणि बर्गलंड यांनी दिली आणि संशोधनात ती आजही वापरली जाते. पण रोजच्या कामात गुण देण्याची गरज नाही, ‘दात स्वच्छ’, ‘दात भरलेला’, ‘मधोमध’ हे तीन शब्द पुरतात. माझ्या वहीत पावसाळ्याच्या पानांवर ‘दात स्वच्छ’ हेच शब्द एकाखाली एक येत गेले.

ओलावा नेमके काय बिघडवतो

इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. त्यावर फॉस्फोरिक आम्ल लावल्यावर ते एकसारखे न विरघळता कमी-अधिक विरघळते आणि पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. त्या छिद्रांत पातळ रेझिन शिरून घट्ट झाले की त्याची मुळे इनॅमलमध्ये रुजल्यासारखी अडकून बसतात. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून ही कल्पना मांडली आणि १९६५ साली जॉर्ज न्यूमन यांनी तिचा उपयोग ब्रॅकेट थेट दातावर बसवण्यासाठी केला. आज आपण ३७ टक्क्यांचे जेल १५ ते ३० सेकंद ठेवतो, पण तत्त्व तेच आहे. हा सगळा बंध रासायनिक नसून प्रामुख्याने यांत्रिक असल्यामुळे, रेझिनला छिद्रांत शिरायला मोकळी जागा मिळणे ही त्याची एकमेव अट आहे.

पाणी ही जागाच अडवते. नेहमीच्या प्राइमरमधील (कंपोझिटपूर्वी दातावर लावायच्या पातळ द्रवातील) बिस-जीएमए हे रेझिन पाण्याशी जुळवून घेत नाही, त्यामुळे छिद्र पाण्याने भरलेले असले तर रेझिन वरच्या वर राहते. डोळ्यांना दिसणारे याचे एक चिन्ह आहे: कोरड्या, एच केलेल्या दातावर प्राइमर टेकवताच तो कागदावर शाई पसरावी तसा पसरतो, तर ओलसर दातावर तो अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोळा होतो. हा गोळा होणारा थेंब दिसताच तेथेच थांबावे; त्याच्यावर लाइट मारून पुढे गेलेला प्रत्येक डॉक्टर आठवड्याने तोच रुग्ण पुन्हा पाहतो.

लाळ पाण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यात प्रथिने आहेत. एच केलेल्या पृष्ठभागावर लाळ पडली की काही सेकंदांतच प्रथिनांचा पातळ थर छिद्रांच्या तोंडावर बसतो, आणि तो पाण्याच्या फवाऱ्याने पूर्ण निघत नाही. दात वाळवल्यावर कोरडा दिसतो, कधी कधी पांढराही दिसतो, पण छिद्रे झाकलेली असतात. रक्ताचेही तसेच. म्हणून ओले झालेल्या दाताला ‘वाळव आणि पुढे जा’ हा सरसकट उपाय चालत नाही. तो कशाने ओला झाला, यावर पुढचे ठरते. स्वच्छ पाण्याने झाला असेल तर पुन्हा वाळवणे पुरते. लाळेने किंवा रक्ताने झाला असेल तर धुऊन, थोडा वेळ पुन्हा एच करून, पुन्हा धुऊन वाळवावा लागतो. कापसाने पुसणे कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण एच केलेला पृष्ठभाग नाजूक असतो आणि त्यावर घासताना ती छिद्रे मोडतात.

बंध किती मजबूत हवा, याचा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेनॉल्ड्स यांनी १९७५ साली दिलेली ५.९ ते ७.८ मेगापास्कल ही मर्यादा आजही पुरेशी मानली जाते. ब्रॅकेटच्या पाठीचे क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर धरले, तर सहा मेगापास्कल म्हणजे सुमारे सहा किलो वजनाइतका जोर होतो, आणि ओलाव्यामुळे हा बंध निम्म्यावर आला तर दाढेखाली भाकरीचा एक कडक पापुद्रा आला तरी तो तुटू शकतो.

हवेच्या नळीतले पाणी

माझी मोठी चूक अशी की मी ओलावा फक्त रुग्णाच्या तोंडात शोधत राहिलो. कॉटन रोल वाढवले, सक्शन बदलले, असिस्टंटला दोन वेळा बोललो. ज्या थ्री-वे सिरिंजने (हवा आणि पाणी मारायच्या नळीने) मी दात वाळवत होतो, तीच दात ओला करत असेल, ही शंका यायला तिसरा पावसाळा उजाडला.

हे कसे घडते, ते थोडे हिशेबाने पाहावे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्के असेल तर त्या हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. कॉम्प्रेसर ही हवा दाबून टाकीत भरतो. टाकीतला एकूण दाब वातावरणाच्या सहापट धरला, तर एक घनमीटर हवा एक षष्ठांश जागेत येते, आणि टाकी थंड झाल्यावर त्या जागेत पाच ग्रॅमच बाष्प मावू शकते. उरलेले १९ ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. आता मेमधली दुपार घ्यावी: तापमान ४० अंश, आर्द्रता २० टक्के. त्या हवेत बाष्प सुमारे १० ग्रॅम, आणि दाबल्यानंतर त्यातले साडेआठ ग्रॅम मावते, म्हणजे पाणी होते ते जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. तोच कॉम्प्रेसर, तीच टाकी, पण पावसाळ्यात साचणारे पाणी दहापटींहून अधिक. मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्याला सरावलेले आपण टाकीतले पाणी सोडणारा ड्रेन व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा उघडण्याची सवय लावतो, आणि ती सवय जुलैमध्ये बदलत नाही.

येथे एक बारकावा आहे. टाकीतून निघालेली हवा सिरिंजच्या टोकाशी येऊन पुन्हा पसरते, तेव्हा तिच्यातले बाष्प विरळ होते आणि ती खरे तर चांगली कोरडी होते. त्यामुळे नुसते बाष्प दात ओला करत नाही. दात ओला करतात ते नळीतून हवेबरोबर वाहत आलेले पाण्याचे थेंब. आणि हे थेंब टाकीतूनच येतात असेही नाही. माझा कॉम्प्रेसर गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये होता आणि नळी खाली वातानुकूलित खोलीत येत होती. गरम, बाष्पाने भरलेली दाबलेली हवा त्या गार नळीत शिरताच आतल्या भिंतीवर पाणी धरत होती, अगदी थंड पाण्याच्या तांब्याबाहेर धरते तसे, फक्त आतल्या बाजूने. मुख्य नळीच्या तळातून काढलेली शेवटची शाखा दुसऱ्या खुर्चीला जात होती, म्हणून सगळे पाणी वाहत तिच्याकडे जाई. पहिल्या खुर्चीची शाखा नळीच्या माथ्यावरून निघाली होती. नळजोडणी करून देणाऱ्या कारागिराने जागेच्या सोयीने हे केले होते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दाबाच्या हवेची शाखा नेहमी मुख्य नळीच्या वरच्या अंगाने काढायची असते, हे मलाही तेव्हा माहीत नव्हते.

तपासणी सोपी आहे आणि शेवटी कागद वाळण्याचा वेळ सोडला, तर तिला दहा मिनिटेही लागत नाहीत. सिरिंजचे टोक तोंड पाहण्याच्या कोरड्या आरशापासून दोन बोटांच्या अंतरावर धरून फक्त हवेचे बटण सलग दहा-पंधरा सेकंद दाबावे आणि आरसा तिरपा करून उजेडात पाहावा. थेंब दिसले तर लगेच कॉम्प्रेसरवर आरोप करू नये, कारण सिरिंजमधील ओ-रिंग (रबरी कडी) झिजली असेल तरी पाणी हवेच्या मार्गात गळते. म्हणून सिरिंजला येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून, आतले उरलेले पाणी काढून, तोच प्रयोग पुन्हा करावा. आता थेंब थांबले तर ओ-रिंग बदलावी, हे काम काही रुपयांचे आहे. थेंब चालूच राहिले तर पाणी हवेच्या नळीतूनच येत आहे. ओ-रिंगच्या गळतीत पहिल्या फुंकरीतच थेंब पडतो आणि तो कोणत्याही ऋतूत पडतो. नळीतले पाणी मात्र मधूनच थुंकल्यासारखे येते, बहुधा सकाळी पहिल्या रुग्णाला किंवा बराच वेळ हवा वापरल्यानंतर. तिसरा प्रयोग पातळ पांढऱ्या कागदावर करावा: त्यावर हवा मारून कागद तासभर वाळू द्यावा, आणि वाळल्यानंतरही पारदर्शक डाग राहिला तर ते पाणी नसून तेल आहे. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर जुना झाला की तेलाचे सूक्ष्म कण हवेत सोडतो, आणि तेलाचा थर दातावर पडला तर दात कोरडा दिसूनही प्राइमर नीट पसरत नाही. हा दोष ओलाव्यासारखाच वागतो, पण त्याला ऋतू नसतो.

उपाय मी एकेक करत गेलो. टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह रोज संध्याकाळी, दाब असतानाच, पाणी येणे थांबेपर्यंत उघडायचा, हे काम दवाखान्यातल्या मामांकडे सोपवले आणि त्याची सही घेण्यासाठी शेडच्या दारावर कागद लावला. पहिल्या संध्याकाळी बाटलीत धरलेले तांबूस पाणी पाहून ते म्हणाले, “डॉक्टर, एवढं पाणी तर बोअरला बी न्हाई.” त्यानंतर खोलीच्या आत, म्हणजे हवा गार झाल्यानंतर, पाणी अडवणारा फिल्टर बसवला, गच्चीवर टाकीलगत बसवला असता तर गार नळीत नंतर धरलेले पाणी त्याच्यापुढूनच निघून गेले असते. दुसऱ्या खुर्चीची शाखा वरून काढून घेतली. खुर्चीच्या जंक्शन बॉक्समध्ये फिल्टरची एक छोटी पारदर्शक वाटी असते, ती कित्येकांनी कधी उघडूनही पाहिलेली नसते. माझ्या दुसऱ्या खुर्चीची वाटी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. ज्यांना परवडेल त्यांनी ड्रायर बसवावा, मात्र सिलिका जेलचा असेल तर निळे दाणे गुलाबी झाल्यावर ते बदलावे किंवा तापवून पुन्हा वापरावे. गुलाबी दाण्यांचा ड्रायर शोभेचा असतो.

पावसाळ्यात वीज जाणे हा आणखी एक भाग. लाइट बॅटरीवर चालतो, त्यामुळे आपल्याला वाटते की काम चालू ठेवता येईल, पण कॉम्प्रेसर साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही आणि टाकीतला दाब हळूहळू उतरत जातो. शेवटच्या दोन-तीन दातांना मिळणारी हवा क्षीण असते. पाणी उडवण्याऐवजी ते दातावर पसरवण्यापुरतीच. अशा वेळी रबरी फुग्याचा जुना हातब्लोअर कामास येतो. त्यात खोलीतली हवा असते, थेंब नसतात, तेल नसते. नव्या पिढीला तो हास्यास्पद वाटतो. मी दोन्ही खुर्च्यांच्या ट्रेमध्ये एकेक ठेवला आहे.

रुग्णाच्या तोंडातला ओलावा

हवा स्वच्छ झाल्यावर दुसऱ्या खुर्चीचा दोष गेला, तरी दोन्ही खुर्च्यांवर खालच्या दाढा आणि दुसऱ्या उपदाढा यांचा थोडा त्रास राहिलाच. तो लाळेचा आहे आणि तो बाराही महिने असतो. गालातल्या ग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते, जबड्याखालच्या ग्रंथींच्या नळ्या जिभेखाली पुढच्या बाजूला उघडतात; म्हणजे वरच्या दाढेसाठी गालाकडून आणि खालच्या दाढेसाठी जिभेकडून पाणी अडवावे लागते. आम्लाची चव जिभेला लागली की लाळ आणखी सुटते, म्हणून जेल धुताना सक्शन जेलच्या जवळ धरावे, घशाजवळ नव्हे. सगळा जबडा एकदम एच करण्याची घाई करू नये. एका वेळी एक चतुर्थांश जबडा घेतला, तर धुणे आणि प्राइमर यांच्यातला वेळ कमी होतो, आणि बिघाडाचा बराचसा भाग याच वेळेत दडलेला असतो. धुतल्यानंतर भिजलेले कॉटन रोल बदलावेच लागतात. ते काढताना आधी थोडे ओले करून घ्यावेत, म्हणजे गालाची त्वचा ओढली जात नाही, आणि नवीन रोल घालताना त्याचा ओला काठ दाताला टेकणार नाही याची काळजी असिस्टंटने घ्यावी. ही काळजी शब्दांनी शिकवता येत नाही. दोन दिवस बाजूला उभे राहून दाखवावी लागते.

अर्धवट बाहेर आलेली दुसरी दाढ हा वेगळा प्रकार आहे. तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा खालचा भाग हिरडीने झाकलेला असतो आणि हिरडीच्या कडेतून सतत थोडा द्रव झिरपत असतो, तो कोणत्याही कॉटन रोलने अडत नाही. हिरड्या सुजून रक्त येत असेल तर त्या दिवशी बॉन्डिंग, म्हणजे ब्रॅकेट चिकटवणे, करूच नये. दात साफ करून, ब्रश कसा करायचा ते दाखवून दोन आठवड्यांनी बोलवावे. उदगीरहून आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणे जिवावर येते, पण रक्ताळलेल्या हिरडीशेजारी बसवलेला ब्रॅकेट त्याला तशीही दुसरी फेरी घडवतोच.

तोंडाने श्वास घेणाऱ्या रुग्णाचा श्वासही दुर्लक्षित राहतो. उच्छ्वासाची हवा शरीराच्या तापमानाजवळची आणि बाष्पाने भरलेली असते. वातानुकूलित खोलीत गार आरसा ज्या कारणाने धुरकट होतो, त्याच कारणाने नुकताच हवेने गार झालेला दातही क्षणभर धुरकटू शकतो. प्राइमर लावताना रुग्णाला नाकाने श्वास घ्यायला सांगावे आणि सक्शन तोंडात चालू ठेवावे. यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

प्राइमर बदलून प्रश्न सुटतो का?

काही अंशी. ओलावा सहन करणारे प्राइमर बाजारात आहेत. त्यांत एचईएमए यांसारखे पाण्याशी मैत्री करणारे घटक आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखे द्रावक असतात, जे छिद्रातल्या पाण्यात मिसळून रेझिनला आत नेतात. थोड्या दमट पृष्ठभागावर ते नेहमीच्या प्राइमरपेक्षा नक्कीच बरे, परंतु साचलेल्या लाळेवर तेही हरतात, आणि कोरड्या दातावर नीट लावलेला साधा प्राइमर त्यांच्यापेक्षा कमी पडत नाही. त्यांची बाटली उघडी राहिली तर द्रावक उडून जातो आणि आपण महाग प्राइमरचे नुसते जाड रेझिन वापरत बसतो. सेल्फ-एच प्राइमरने (आम्ल आणि प्राइमर एकत्र असलेल्या) धुण्याची पायरी वाचते, म्हणून ओलाव्याचा एक प्रसंग कमी होतो. पण तो दातावर घासून मग हवेने पातळ करावा लागतो, आणि ती हवा जर थुंकणाऱ्या नळीतून येत असेल, तर वाचवलेले सगळे तेथे गमावले जाते.

रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर या दंत-सिमेंटचे गणित मात्र उलटे आहे. त्याची आम्ल-आम्लारी प्रक्रिया होण्यासाठी पाणी लागतेच, म्हणून त्याच्यासाठी दात साधारण ओलसर ठेवतात, साचलेले पाणी तेवढे काढतात. साध्या कंपोझिटची सवय हातात मुरलेला डॉक्टर तेथेही दात कडकडीत वाळवतो आणि मग मटेरियल वाईट म्हणून नावे ठेवतो. त्याची ताकद कंपोझिटपेक्षा साधारण कमी असते, पण ज्या दाढेभोवती कोरडेपणा टिकतच नाही तेथे कमी ताकदीचा खरा बंध हा जास्त ताकदीच्या खोट्या बंधापेक्षा बरा.

फ्रीजबद्दल एवढेच: फ्रीजमधून काढलेली कंपोझिटची ट्यूब किंवा प्राइमरची बाटली पावसाळ्यात लगेच उघडली, तर तोंडावर दव धरते. बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच टोपण काढावे.

ओलाव्याचा नसलेला दोष

नांदेड जिल्ह्यातील किनवटकडचे किंवा बीडकडचे काही रुग्ण आले की वहीतला नमुना बदलत असे. खुर्ची कोणतीही असो, ऋतू कोणताही असो, ‘दात स्वच्छ’ हीच नोंद. या भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. लहानपणी असे पाणी प्यायलेल्या मुलांचे इनॅमल फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्तीच्या फ्लोराइडने बिघडलेले, असते. त्याचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही, शिवाय तो मुळातच पांढरट-ठिपकेदार असल्यामुळे एचिंगनंतरचा खडूसारखा पांढरेपणा ओळखूच येत नाही, आणि डॉक्टरला वाटते की दात छान एच झाला. अशा दातांवर प्यूमिसने (दगडाच्या बारीक पुडीने) नीट घासून एचिंगचा वेळ वाढवावा. येथे सक्शन वाढवण्यात वेळ घालवला तर तो वाया जातो, म्हणून नव्या रुग्णाच्या कार्डावर गाव आणि लहानपणीच्या पाण्याचा स्रोत हे दोन रकाने मी आता ठेवले आहेत.

सुटलेला ब्रॅकेट पुन्हा बसवताना

दातावर उरलेले कंपोझिट कार्बाइड बरने हळू गतीने काढून, प्यूमिस करून, पहिल्यापासून एच करावे. जुनाच ब्रॅकेट वापरायचा असेल तर त्याची जाळी ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने सँडब्लास्ट करून, स्वच्छ करून घ्यावी. नुसते कंपोझिट खरवडून पुन्हा लावलेला ब्रॅकेट टिकत नाही. शक्य तेथे मी नवीनच लावतो. बसवताना मध्येच लाळ आली आणि प्राइमर अजून क्युअर झालेला नसेल, तर एचिंगपासून परत सुरुवात करणे सर्वांत सुरक्षित. प्राइमर क्युअर झालेला असेल तर धुऊन, वाळवून, प्राइमरचा पातळ हात पुन्हा द्यावा. ब्रॅकेट दातावर टेकवल्यानंतर लाइटपूर्वी त्याच्या कडेने लाळ शिरताना दिसली, तर तो काढून टाकावा, कितीही कष्टाने जागेवर बसवलेला असला तरी.

आणि एकाच दाढेचा ब्रॅकेट सर्व काळजी घेऊनही दोनदा निघाला, तर मी तिसऱ्यांदा बॉन्डिंग करत नाही. दातांमध्ये फट पाडणारा सेपरेटर घालून, आठवड्याने ग्लास आयोनोमरने बँड (दाढेभोवती बसणारी धातूची कडी) बसवतो. मुलांना बँड आवडत नाही, दिसायला तो जड वाटतो, पण मागच्या दाढेवर तो कोणाला दिसत नाही, आणि बारावीच्या मुलाला परीक्षेच्या महिन्यात दवाखान्याची वाट धरावी लागत नाही.